रकाना कुठं हरवला? आवश्यकतांची फाइल मॉडेलमध्ये आणताना

(तलवाडा, ता. गेवराई, जि. बीड इथं दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



विषयाचं नाव वाचून काही जण म्हणाले, "हे पुण्या-बंगळुरूच्या लोकांचं काम, तलवाड्यात कशाला?" त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण आज समोर डिप्लोमाची, इंजिनिअरिंगची मुलं बसली आहेत, मोटारी भरणारे कारागीर आहेत, शेतकरी आहेत. आणि आम्ही जी चूक सांगणार आहोत, ती विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीवरच झाली होती. म्हणून इथंच बोलावं असं वाटलं.

आधी सातबारा घेऊ, म्हणजे विषय लगेच कळेल. समजा, जमिनीच्या व्यवहाराच्या वेळी कुणीतरी तुम्हाला सातबाऱ्याची हातानं केलेली नक्कल दिली. गट नंबर बरोबर, मालकाचं नाव बरोबर, क्षेत्र, आकार सगळं बरोबर. फक्त 'इतर हक्क' हा रकाना उतरवायचा राहिला. बँकेचा बोजा असतो त्याच रकान्यात. नकलेत एकही अक्षर खोटं नाही, तरी ती नक्कल तुम्हाला बुडवू शकते. चुकीचं लिहिलेलं निदान डोळ्यांना खटकतं. जे आलंच नाही, ते खटकत नाही. आजचं सगळं व्याख्यान या एका वाक्याभोवती आहे.

आवश्यकता म्हणजे काय, रकाना म्हणजे काय

कुठलंही यंत्र बनवण्याआधी ते काय करेल, काय करणार नाही, याची यादी करतात. इंग्रजीत रिक्वायरमेंट, आपण 'आवश्यकता' म्हणू. आमची पंपाच्या पेटीची एक आवश्यकता अशी होती: "देखभालीचा स्विच लावलेला असताना वीज गेली आणि परत आली, तरी मोटार सुरू होता कामा नये."

ही अट कुठून आली ते इथं कुणाला सांगायला नको. शेतीला वीज पाळीपाळीनं मिळते, पुष्कळदा रात्रीची. म्हणून स्टार्टरला 'ऑटो' बसवतात. वीज आली की मोटार आपली आपण चालू, माणसाला अंधारात जायला नको. सोय आहे. पण फूटव्हॉल्व्ह अडकला म्हणून कुणी विहिरीत उतरलंय, किंवा पेटी उघडून वायर बघतंय, आणि तेवढ्यात वीज आली तर? तेव्हा ती सोय जिवावर उठते.

आता या एका वाक्याला चिकटून आणखी माहिती असते. धोका पातळी: अति. तपासणी पद्धत: प्रत्यक्ष चाचणी. कुणी सुचवलं, कुणाची जबाबदारी, कोणत्या मोटारीला लागू. या माहितीला ॲट्रिब्यूट म्हणतात. पुस्तकात 'गुणधर्म' असेल. आपण 'रकाना' म्हणू, कारण तक्त्यात तो रकानाच दिसतो. वाक्य सांगतं काय करायचं, आणि रकाने सांगतात ते किती गंभीरपणे घ्यायचं.

फाइल एका घरातून दुसऱ्या घरात

आवश्यकता लिहायचं साधन वेगळं असतं, उदाहरणार्थ डोअर्स. यंत्राचं चित्र, म्हणजे मॉडेल, काढायचं साधन वेगळं असतं: एंटरप्राइज आर्किटेक्ट, कॅपेला, पॅपिरस अशी बरीच आहेत. एकातून दुसऱ्यात माल न्यायला सगळ्यांना कळेल अशी गोणी लागते. त्या गोणीचं नाव रेक-इफ.

तिचा जन्म मोटारींच्या धंद्यात झाला. गाडीतला एकेक भाग वेगवेगळे पुरवठादार बनवतात आणि प्रत्येकाचं साधन वेगळं. म्हणून २००४ च्या सुमारास ऑडी, बीएमडब्ल्यू, डेमलर, पोर्श आणि फोक्सवागन या जर्मन कंपन्यांच्या गटानं सामाईक स्वरूप ठरवायला घेतलं. पुढं ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेनं २०११ मध्ये ते रेक-इफ या नावानं मानक म्हणून प्रसिद्ध केलं. चाकण-पिंपरीकडं किंवा वाळूज-शेंद्र्याकडं वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्सचं काम करायला जाल, तेव्हा आज ना उद्या ही फाइल तुमच्या पुढ्यात येईल.

रेक-इफ ही साधी मजकुराची एक्सएमएल फाइल असते. नावाच्या शेवटी 'झेड' असेल तर ती झिप केलेली असते, आत चित्रं वगैरे जोडपत्रंही असतात. आत काय असतं ते नीट ऐका, पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

पहिलं, माहितीचे प्रकार: साधा मजकूर, पूर्णांक, दशांश, हो-नाही, तारीख, ठरावीक पर्यायांची यादी, आणि सजवलेला मजकूर. दुसरं, आवश्यकतांचे वर्ग, आणि प्रत्येक वर्गाला कोणकोणते रकाने आहेत त्याच्या व्याख्या. तिसरं, प्रत्यक्ष आवश्यकता आणि त्यांच्या रकान्यांतली मूल्यं. चौथं, आवश्यकतांमधली नाती. पाचवं, प्रकरणवार मांडणी.

मेख अशी, की मूल्याजवळ रकान्याचं नाव लिहिलेलं नसतं. 'अति' या मूल्याजवळ 'धोका पातळी' असं नसतं, तर एक लांबलचक ओळखक्रमांक असतो. तो क्रमांक व्याख्येकडं बोट दाखवतो, आणि नाव व्याख्येत असतं. आधार नंबरवरून माणूस शोधावा तसं. दुवा तुटला तर मूल्य फाइलीत असूनही बेवारस होतं.

आमच्याकडं काय झालं

आम्ही काही जण मिळून पंपाच्या पेटीचं नियंत्रण बनवत होतो. आवश्यकता इकडं लिहिल्या आणि रेक-इफ करून पुण्यातल्या सहकाऱ्याकडं पाठवल्या. त्यानं मॉडेलमध्ये आणल्या. पडद्यावर संदेश आला, काम यशस्वी. आवश्यकता मोजल्या, एकही कमी नाही. आम्ही निर्धास्त.

चाचणी करणाऱ्यानं यादी धोका पातळीप्रमाणं लावली. 'अति' वर, मग 'मध्यम', मग 'कमी', आणि ज्यांचा रकाना रिकामा त्या सगळ्यात खाली. वरून चाचण्या सुरू झाल्या. वीज परत येण्याची ती आवश्यकता तळाशी गेली होती आणि वेळ संपत आली म्हणून खालच्या काही पुढच्या खेपेला ठेवायचं ठरलं. एका वायरमन मित्रानं सहज विचारलं, "देखभालीच्या स्विचचं बघितलं का?" तेव्हा टेबलावर मोटारीऐवजी बल्ब जोडून बघितलं. स्विच लावला, वीज काढली, परत दिली. बल्ब लागला.

बल्बच होता, म्हणून आज हसत सांगतोय. विहिरीवर असतं तर सांगायला आलो नसतो.

आधी ठिकाण शोधा, मग कारण

रकाना दिसत नाही म्हटलं की पुष्कळ जण लगेच साधनाला नावं ठेवतात, नाही तर परत परत फाइल आणून बघतात. तसं करू नका. शेतातून घरी येणारी गोणी कमी भरली तर आपण तीन प्रश्न विचारतो. शेतातच कमी भरली होती का? वाटेत सांडली का? का घरात आहे, पण दुसऱ्याच कोपऱ्यात ठेवली? इथंही तेच तीन प्रश्न.

फाइलीची एक प्रत काढा. झिप असेल तर उलगडा. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा आणि रकान्याचं नाव शोधा. नावच नसेल, तर शेतातच राहिलं. व्याख्या सापडली, तर तिचा ओळखक्रमांक उचलून पुन्हा शोधा, म्हणजे त्याची मूल्यं सापडतात. व्याख्या आणि मूल्यं दोन्ही आहेत, पण मॉडेलमध्ये नाहीत, तर वाटेत सांडलं. आणि मॉडेलमध्ये आहेत पण तुम्ही बघताय तिथं नाहीत, तर घरातच आहेत. पाच-दहा मिनिटांचं काम आहे आणि निम्मं भांडण इथंच मिटतं.

आमचे एकंदर चार रकाने गायब होते. गंमत म्हणजे चौघांची कारणं चार.

पहिला: शेतातच राहिलेला

'तपासणी पद्धत' हा रकाना फाइलीत नव्हताच. फाइल बाहेर काढताना कोणते रकाने पाठवायचे हे निवडायचं असतं. हा रकाना आम्ही नंतर वाढवला होता, पण पाठवायची जुनी यादी तशीच राहिली. पुण्याच्या सहकाऱ्यानं दोन दिवस त्याच्या साधनात शोधाशोध केली, आणि दोष आमचा होता.

याच जातीचं आणखी एक कारण. रकाना भरलेलाच नसेल, तर फाइलीत बहुधा मूल्याची ओळच येत नाही. व्याख्येत पूर्वनिर्धारित मूल्य दिलेलं असू शकतं, पण ते दाखवायचं की जागा रिकामी ठेवायची, यात साधनासाधनांत फरक पडतो. म्हणून जे महत्त्वाचं आहे, ते स्पष्ट भरा. 'लागू नाही' हेसुद्धा भरा. रिकाम्या जागेचा अर्थ ज्याला जो लावायचा तो तो लावतो.

दुसरा: घरातच, पण दुसऱ्या कोपऱ्यात

आवश्यकतेचा मूळ मजकूर दिसत नव्हता. शोधल्यावर तो मॉडेलच्या टिपांच्या चौकटीत सापडला. शीर्षक, मजकूर, प्रकरणाचं नाव, दुसऱ्या साधनातला क्रमांक अशा काही रकान्यांना रेक-इफच्या जगात ठरलेली नावं आहेत. अशी नावं ओळखली की साधनं त्यांना आपापल्या ठरलेल्या जागी ठेवतात. तुम्ही रकान्यांच्या यादीत शोधत बसता आणि ते टिपांत आरामात बसलेलं असतं. इथं हरवलं काहीच नव्हतं. म्हणून रकाना नाही असं म्हणण्याआधी नाव, टिपा, जास्तीचे गुणधर्म आणि तक्त्यातले लपवलेले स्तंभ, चारही ठिकाणी बघा.

तिसरा: वाटेत सांडलेला, आणि सगळ्यात घातक

आता 'धोका पातळी'. हा रकाना मॉडेलमध्ये होता! साध्या आवश्यकतांना 'मध्यम', 'कमी', काहींना 'अति' असं व्यवस्थित दिसत होतं. म्हणून कुणाला संशय आला नाही.

पण आमच्या फाइलीत आवश्यकतांचे दोन वर्ग होते. एक 'साधी आवश्यकता', दुसरा 'सुरक्षा आवश्यकता'. दोन्हींत 'धोका पातळी' रकाना. माणसाला तो एकच वाटतो. रेक-इफमध्ये मात्र रकान्याची व्याख्या वर्गाच्या आत असते. दोन वर्ग म्हणजे दोन व्याख्या, दोन ओळखक्रमांक. नाव तेवढं सारखं. एका गावात एकाच नावाची दोन माणसं असतात, तसं. आमच्या सहकाऱ्यानं कुठला रकाना मॉडेलमध्ये कुठं जायचा याची जुळणी फक्त पहिल्या वर्गासाठी केली होती. म्हणजे ज्या आवश्यकता सुरक्षेच्या होत्या, नेमका त्यांचाच धोक्याचा रकाना रिकामा राहिला, आणि त्या तळाशी गेल्या.

मॉडेलिंगच्या बाजूचंही एक मूळ कारण समजून घ्या. सिसएमएल ही मॉडेलची प्रचलित भाषा. तिच्या पहिल्या पिढीत आवश्यकतेला मुळात दोनच गुणधर्म आहेत: क्रमांक आणि मजकूर. बाकी काहीही हवं असेल, तर आपण त्या साच्याला जोड द्यायची, नवीन स्टीरिओटाइप करून त्यात धोका पातळी वगैरे रकाने तयार करायचे. घरात कोठीच नसेल तर धान्य ठेवणार कुठं? म्हणून फाइल आणण्याआधी मॉडेलमध्ये जागा तयार आहे का, हे बघणं पहिलं काम.

पर्यायांच्या यादीचंही तसंच. 'अति' हे मूल्य फाइलीत अक्षरांनी नसतं, तेही यादीतल्या पर्यायाकडं दुव्यानं बोट दाखवतं. मॉडेलमधल्या यादीत 'अति' ऐवजी 'उच्च' असेल तर साधन बिचारं काय करणार? काही साधनं विचारतात, काही गुपचूप रिकामं ठेवतात.

चौथा: आपल्या लिपीनं खाल्लेला

हा किस्सा मराठीत काम करणाऱ्यांसाठी. रकान्याचं नाव 'ॲम्पिअर मर्यादा'. पाच हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटार पूर्ण भाराला साधारण साडेसात ॲम्पिअर घेते, त्यावर किती वेळ गेली की पेटीनं मोटार बंद करायची, ते ठरवणारा. फाइलीत व्याख्या होती, मूल्यं होती. मॉडेलमध्येही याच नावाची जागा तयार होती. तरी जुळेना. दोन्ही नावं शेजारी ठेवून बघितली, काना-मात्रेचा फरक नाही.

फरक डोळ्यांना दिसणारा नव्हताच. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतं. एक तऱ्हा म्हणजे 'अ' आणि त्यावर चंद्र, अशी दोन चिन्हं. दुसरी म्हणजे अख्ख्या 'ॲ' साठी असलेलं एकच चिन्ह, जे २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत आलं. दिसायला दोन्ही सारखी. संगणकाला मात्र ती दोन वेगळी नावं आहेत. आमच्या कीबोर्डनं एक लिहिलं, पुण्याच्या कीबोर्डनं दुसरं.

असंच 'दुसऱ्या', 'सुऱ्या' यातल्या अर्ध्या र चं होतं. तोही दोन प्रकारे टाइप होतो, आणि एका प्रकारात मध्ये न दिसणारं जोडचिन्ह असतं. नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा हा आणखी एक चोर. आणि मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधून आणलेला असेल तर दुसरीकडं त्याची अक्षरंच ओळखू येत नाहीत. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

यावर उपाय सोपा. रकान्याचं नाव दोन ठिकाणी टाइप करू नका. एका ठिकाणाहून उचला आणि दुसरीकडं चिकटवा. आवश्यकतेचा मजकूर मराठीत असू द्या, खुशाल असू द्या. पण रकान्यांची नावं एकदा ठरवली की त्यांची यादी एका फाइलीत ठेवा आणि सगळ्यांनी तिथूनच घ्या.

आता आम्ही काय करतो

नवीन साधनाशी गाठ पडली की पहिल्या दिवशी खरी फाइल आणतच नाही. नमुन्याची लहान फाइल करतो. प्रत्येक वर्गाची एकेक आवश्यकता, प्रत्येक प्रकारचा एकेक रकाना, सगळे भरलेले. एक सजवलेला मजकूर चित्रासकट, एक तारीख, एक यादीतलं मूल्य, एक मराठी नाव. दोन आवश्यकतांमध्ये एक नातं, आणि त्या नात्यालाही एक रकाना, कारण नात्यांचे रकाने सोडून देणारी साधनं आम्ही पाहिली आहेत. ही फाइल आणली की काय टिकतं, काय गळतं, ते तासाभरात कळतं.

मग खरी फाइल. आणल्यावर आवश्यकता किती आल्या हे मोजून थांबत नाही. प्रत्येक वर्गाच्या प्रत्येक रकान्यात भरलेली मूल्यं किती, हे इकडंही मोजतो आणि तिकडंही. आकडे जुळले तरच पुढं. त्यानंतर मॉडेलमधून फाइल परत बाहेर काढतो आणि मूळ फाइलीशी ताडून बघतो. गेलेलं परत आलं, तर वाट साफ आहे.

आणि शेवटचं: धोका पातळी रिकामी असेल तर ती यादीत सगळ्यात वर. 'माहीत नाही' याचा अर्थ 'धोका नाही' असा होत नाही. हा नियम आम्ही आधी केला असता, तर बाकीच्या चुका होऊनही ती आवश्यकता पहिल्या दिवशी डोळ्यांसमोर आली असती.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: एवढं करण्यापेक्षा एक्सेलमधून नेलं तर?

उत्तर: लहान कामाला चालतं, आम्हीही नेतो. पण साध्या तक्त्यात वर्ग, नाती, प्रकरणांची उतरंड आणि ओळखक्रमांक आपसूक टिकत नाहीत. दुसऱ्यांदा फाइल आणली की कोणती आवश्यकता जुनी, कोणती नवी, हे ठरवणं अवघड होतं.

प्रश्न: फाइल उघडून हातानं दुरुस्त केली तर?

उत्तर: बघायला उघडा, बिनधास्त उघडा. पण दुरुस्ती मूळ साधनात करा आणि फाइल पुन्हा काढा. हातानं एक ओळखक्रमांक चुकला तर आणखी दहा ठिकाणचे दुवे तुटतील, आणि पुढच्या खेपेला मूळ साधनातून जुनीच चूक परत येईल.

प्रश्न: दुरुस्त फाइल आणली तरी मॉडेलमध्ये जुनंच दिसतं, असं का?

उत्तर: प्रत्येक आवश्यकतेजवळ शेवटच्या बदलाची वेळ असते. काही साधनं ती बघून 'यात बदल नाही' असं ठरवतात. रिकाम्या, नव्या मॉडेलमध्ये तीच फाइल आणून बघा. तिथं रकाना आला, तर फाइल ठीक आहे आणि अडचण जुन्या मॉडेलवर नवं चढवण्यात आहे.

प्रश्न (एका शेतकरी काकांचा): तुमच्या पेटीत आता तो स्विच चालतो का?

उत्तर: चालतो, काका. दर खेपेला पहिली चाचणी त्याचीच होते. तरी विहिरीत उतरताना स्विचवर विसंबू नका. मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा, आणि वर एक माणूस उभा करा. आम्ही कागदावर कितीही रकाने भरले तरी हा नियम तुमच्याकडंच राहू द्या.